पाठ टेकली तरी न संपणारी कुस्ती

‘दंगल’ सिनेमा आपल्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलाय. त्यातल्या गीता आणि बबिता आपल्याला पाठ आहेत. आज आम्ही बोलणार आहोत त्यांच्या धाकट्या बहिणीबद्दल, रितू फोगाटबद्दल. तीही पैलवान. २०१७ मध्ये २३ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवलं. पण २०१९ मध्ये ऑलिंपिकची वाट सोडून ती सिंगापूरला गेली, मिक्स्ड मार्शल आर्ट्सची व्यावसायिक खेळाडू व्हायला.

हा खेळ टीव्हीवर लागला की आम्ही चॅनेल बदलायचो. पिंजऱ्यातली मारामारी कोण बघणार? पण नीट पाहिलं तर त्याला नियम आहेत. ठोसा, लाथ, कुस्तीचे डाव, सगळं चालतं; चावणं, डोळ्यांत बोट घालणं चालत नाही. पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या. सहन होईना तर हाताने थाप मारायची, पंच लगेच सोडवतात.

रितूची पहिली लढत बीजिंगला झाली, पहिल्याच फेरीत जिंकली. पुढच्या तीनही जिंकल्या. डाव आपल्या ओळखीचाच : पट काढायचा, समोरचीला खाली पाडायचं आणि वरून ठोसे. मात्र आपल्या आखाड्यात पाठ टेकली की निकाल लागतो. इथे खालची बाई अजून लढत असते. डिसेंबर २०२१ च्या मोठ्या अंतिम सामन्यात तेच झालं. समोर थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स, मूळची लाथा-ठोशांच्या मुए थायमधली. जमिनीवर रितूच भारी, असं आपल्याला वाटणार. पण दुसऱ्या फेरीत स्टॅम्पनेच रितूचा हात असा ताणून धरला, की तिला थाप मारावी लागली.

आता पोटापाण्याचं. इथे सहसा महिन्याचा पगार नसतो, लढतीगणिक मानधन. दुखापत झाली, लढत रद्द झाली, की कमाई थांबली. आपल्या रोजंदारीसारखंच म्हणा ना.

शिवाय वजन. रितूचा गट ५२.२ किलोपर्यंतचा. पूर्वी खेळाडू पाणी तोडून वजन उतरवत. २०१५ मध्ये याच संस्थेच्या स्पर्धेआधी एक चिनी खेळाडू त्यातच दगावला. तेव्हापासून तिथे वजनाबरोबर लघवीही तपासतात, अंगात पाणी पुरेसं आहे ना, हे बघायला.

२०२२ च्या लढतीनंतर रितू थांबली, आई झाली. बाळंतपणानंतर कमरेला पदर खोचून बादली उचलतानाही काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. (हे बोलणं लिहिताना आमच्यातल्या एकीने विचारलंच, सरावाच्या वेळी बाळ कोणाजवळ असेल?) फेब्रुवारी २०२५ मध्ये ती कतारला पुन्हा उतरली, जपानच्या अयाका मिउरासमोर. ती लढत ती हरली.