इथं साइड विचारत नाहीत

एडिसन, न्यू जर्सी

आपल्या राजुरी गावात दहावीचा निकाल लागला की पेढ्यापाठोपाठ पहिला प्रश्न येतो, ‘मग, कोणती साइड?’ सायन्स म्हटलं की बापाची मान ताठ, कॉमर्स म्हटलं की ‘बरंय’, आणि आर्ट्स म्हटलं की पाहुणे कांद्याच्या भावावर बोलायला लागतात. अमेरिकेत हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण इथल्या हायस्कुलात साइड नावाची भानगडच नाही. नववी ते बारावी ही चार वर्षं एकाच शाळेत जातात आणि मध्ये दहावीचं बोर्ड येत नाही. न्यू जर्सीत अकरावीला इंग्रजी-गणिताची एक सरकारी चाचणी असते, पण तिच्या निकालाला कुणी पेढे वाटत नाही.

शाळा चालते ती विभागांवर. इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं, परभाषा, कला आणि संगीत, आरोग्य आणि व्यायाम, शिवाय तंत्र आणि व्यवसाय शिक्षण. शिक्षक आपापल्या खोलीत थांबतात आणि घंटा झाली की मुलं दप्तर घेऊन पळतात. ‘दहावी अ’ अशी तुकडी नसते. दहावीतली मुलगी गणिताला अकरावीच्या पोरांत बसलेली असते आणि मातीकामाच्या तासाला तिच्या शेजारी नववीतला पोरगा असतो. एकदा बसलेला बाक वर्षभर आपला, हे सुख मात्र इथं नाही.

हिवाळ्यात, पुढच्या वर्षाचे विषय ठरवायच्या वेळी, शाळा एक जाडजूड पुस्तिका काढते. प्रत्येक विभागाखाली विषय, तो कुणाला घेता येईल, आधी काय झालेलं असावं, क्रेडिट किती, हे सगळं छापलेलं. एकटं रसायनशास्त्र घ्या. साधं, त्यावरचं ऑनर्स, आणि त्याहून वरचं एपी, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचं. एपीची परीक्षा मे महिन्यात कॉलेज बोर्ड ही संस्था घेते, गुण एक ते पाच, आणि एका विषयाची फी शंभर डॉलरच्या घरात. ओळखीतल्या एका दहावीच्या मुलाचा कागद परवा पाहिला: इंग्रजी, भूमिती ऑनर्स, साधं रसायनशास्त्र, अमेरिकेचा इतिहास, स्पॅनिश, आरोग्य-व्यायाम आणि सुतारकाम. आरोग्याच्या तासात वर्षातले काही आठवडे गाडी चालवण्याचे नियम शिकवतात. रंधा मारणारा हा पोरगा पुढं इंजिनिअरिंगला जायचं म्हणतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

हिशेब क्रेडिटचा. वर्षभराच्या विषयाला साधारण पाच क्रेडिट मिळतात आणि न्यू जर्सीत शाळा पास व्हायला किमान 120 लागतात. त्यात इंग्रजीचे 20, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांचे प्रत्येकी 15. कलेचे पाच, परभाषेचे पाच आणि व्यवसाय शिक्षणाचे पाच हेही सक्तीचेच. पैशांचा व्यवहार, कर्ज, विमा यांचे अडीच क्रेडिट वेगळे. म्हणजे डॉक्टर होऊ घातलेल्या मुलीलाही चित्रकला किंवा गाणं यांतलं काहीतरी करावंच लागतं. उरलेली जागा ज्याच्या त्याच्या आवडीची.

हे एका दिवसात झालेलं नाही. 1892 मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखाली दहा जणांची समिती नेमली गेली. शाळेत काय शिकवावं याचा निवाडा तिनं केला, आणि त्यात भर होता पुस्तकी विषयांवर. शेतकरी-कामगारांची मुलं हायस्कुलात येऊ लागली तेव्हा तो झगा तोकडा पडला. मग 1917 मध्ये स्मिथ-ह्यूज कायदा आला आणि केंद्र सरकार शाळांतल्या शेती, कारागिरी व गृहशास्त्राच्या शिक्षणाला पैसे देऊ लागलं. या दोन प्रवाहांचं भांडण अजून मिटलेलं नाही, फक्त दोघं एका छपराखाली नांदतात.

आता दुसरी बाजू. निवड मोकळी आहे असं म्हणतात, ती तितकीशी मोकळी नाही. बारावीत कॅल्क्युलस हवं असेल तर साधारणपणे आठवीत बीजगणित उरकलेलं बरं, म्हणजे गणिताची वाट सहावी-सातवीतच ठरते. शिक्षकानं साध्या वर्गाची शिफारस केली तर आईबाप अर्ज भरून मुलाला वरच्या वर्गात ढकलू शकतात, आणि तो अर्ज भरण्यात आपले देशी लोक मागे नाहीत. वीक-एंडला शिकवण्या, एपीची यादी लांबवण्याची चढाओढ. साइड नाही, पण धाव तीच.

शाळेचा पैसा मोठ्या प्रमाणात गावातल्या घरपट्टीतून येतो. श्रीमंत गावाची पुस्तिका जाड आणि गरीब गावाची पातळ, हे ओघानंच आलं. अ‍ॅबट विरुद्ध बर्क या खटल्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टानं 1990 मध्ये गरीब शहरांच्या शाळांना श्रीमंत उपनगरांइतका पैसा देण्याचा आदेश दिला. त्यामुळे फरक कमी झाला, संपला नाही.

मराठीची चौकशी तुम्ही कराल म्हणून सांगतो. एडिसनच्या हायस्कुलात परभाषांमध्ये हिंदी आहे, मराठी नाही. मराठी शिकायची ती सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या मराठी शाळेत. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या या शाळांना पुण्याच्या भारती विद्यापीठाची जोड आहे. दोन भाषा येणाऱ्या मुलांच्या प्रमाणपत्रावर राज्य एक खास शिक्का देतं, न्यू जर्सीत तो 2016 पासून आहे, आणि मराठीची चाचणी देऊनही तो मिळवता येतो. आजीशी फोनवर बोलून टिकवलेली भाषा अशी कागदावर येते, तेव्हा पोरं जरा नीट लिहायला लागतात.

पण राजुरीकरांसाठी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो शेतीचा विभाग. तो सगळ्या शाळांत नाही, पण जिथं आहे तिथं मुलानं घरच्या किंवा शाळेच्या शेतावर स्वतःचा एक प्रकल्प चालवायचा असतो. वासरू वाढवा, भाजीचा वाफा लावा, त्याची खर्च-उत्पन्नाची वही ठेवा. शिक्षक येऊन पाहतात आणि ते काम अभ्यासात धरतात. जोडीला 1928 पासूनची एफएफए ही विद्यार्थी संघटना. आपल्याकडे पहाटे धार काढून, टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या मार्केटला पाठवून मग शाळेत येणाऱ्या पोराच्या गुणपत्रिकेत या कामाला एक गुण नसतो. उलट उशीर झाला म्हणून तो वर्गाबाहेर उभा.

आणि हे शिकायला अमेरिकेला यायची गरज नाही. शेजारच्या आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. गृहस्थ अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचे पीएचडी, हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून दुष्काळी पाबळात आलेले. त्यांनी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम बसवला: वेल्डिंग-बांधकाम, वीज आणि पर्यावरण, शेती-पशुपालन, घर आणि आरोग्य. आठवड्यातला एक दिवस हातानं काम, तेही गावाला उपयोगी पडणारं. दहावीच्या बोर्डानं त्याला मान्यता दिली आणि तो राज्यातल्या इतर शाळांतही गेला. इथल्या शाळेचे सुतारकामाचे वर्ग मी पाहिले आहेत. नीटनेटके आहेत, पण मुलं बहुतेक घरी न्यायची पेटी किंवा स्टूल बनवतात. पाबळची कल्पना त्याच्या पुढची आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला, विज्ञान आणि व्यवसाय शिक्षण यांच्यात भिंत नको, असं लिहिलेलं आहे. ते गावात पोचेल तेव्हा पोचेल. तोवर एक करता येईल. अकरावी-बारावी सायन्सला द्विलक्षी, म्हणजे बायफोकल विषय दोनशे गुणांचे असतात, त्यांत क्रॉप सायन्स आणि डेअरीही आहेत. यंदा ज्यांच्या घरी दहावीचं पोर आहे त्यांनी अकरावीचा फॉर्म भरण्याआधी जवळच्या ज्युनिअर कॉलेजांत जाऊन विचारावं, हे विषय तुमच्याकडे आहेत का, आणि नसतील तर का नाहीत.