आमवात आणि घरच्यांचा आधार

वडवणी परिसरात सांधे दुखू लागले की, 'कोयता धरून झाले असेल' म्हणून आपण गप्प बसतो. मातोश्रींच्या बाबतीत आम्हीही तेच केले. परंतु सकाळी तासभर बोटे आखडून राहणे, दोन्ही हातांचे सांधे सुजणे ही आमवाताची लक्षणे असू शकतात. उपचार लांबल्यास बोटे कायमची वाकडी होतात. म्हणून अंबाजोगाईचे शासकीय रुग्णालय वेळीच गाठावे. यावरील मेथोट्रेक्झेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. आम्ही घरच्या कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी खूण केली आहे. भरलेला हंडा, धुणे पिळणे आपण करावे. भाजी निवडण्यासारखे हलके काम मात्र त्यांच्याकडेच ठेवावे. त्याने सांधे हलते राहतात आणि घरात आपला उपयोग आहे, हे समाधानही त्यांना मिळते.