गालाच्या मापाची बंदूक

रायफलीवर मागे एक बारीक छिद्र असतं आणि पुढे एक कडं. नेमबाज दोन्ही एका रेषेत आणतो, लक्ष्याचा काळा गोल त्यात बसवतो आणि चाप ओढतो. छर्‍यांच्या बंदुकीला, म्हणजे शॉटगनला, मागचं छिद्र नसतंच. नळीवर एक सपाट पट्टी आणि तिच्या टोकाला छोटा मणी, एवढंच. मागच्या छिद्राचं काम नेमबाजाच्या डोळ्यालाच करावं लागतं. डोळा नेमका कुठे येणार हे ठरतं गाल दस्त्यावर कुठे टेकतो यावर. म्हणून स्पर्धेची शॉटगन घडवण्याचं निम्मं काम पोलादाचं असलं तरी उरलेलं निम्मं लाकडाचं आहे, आणि ते नेमबाजाच्या चेहऱ्याचं, मानेचं, हाताचं माप घेतल्याशिवाय होत नाही. दुसऱ्याच्या मापाची बंदूक घेऊन मैदानात उतरणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून वाचायला बसणं.

हिशोब अगदी साधा आहे. डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंतचं अंतर साधारण एक मीटर. लक्ष्य म्हणून हवेत उडवलेली तबकडी फुटते ती सुमारे पस्तीस मीटरवर. म्हणजे गालाखालचं लाकूड एक मिलिमीटरने उंच झालं तर छर्‍यांचा झोत लक्ष्याजवळ साडेतीन सेंटिमीटर वर जातो. तीन मिलिमीटरचा फरक पडला तर दहा सेंटिमीटर. ऑलिम्पिकच्या तबकडीचा व्यास आहे ११० मिलिमीटर. दस्त्यात तीन मिलिमीटरची चूक राहिली, तर झोताचा मध्य जवळजवळ एका अख्ख्या तबकडीएवढा सरकतो. जुन्या इंग्रज कारागिरांचा ठोकताळाही हाच होता: सोळा यार्डांवर कागदावर झोत एक इंच चुकला, तर दस्त्यात एक इंचाचा सोळावा भाग फरक करायचा.

ट्रॅप या प्रकारात नेमबाजापुढे पंधरा मीटरवर खंदक असतो आणि त्यात पंधरा यंत्रं दडवलेली असतात. नेमबाजाने आवाज दिला की त्यांतल्या एकातून १०५ ग्रॅमची तबकडी ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने दूर निघते. डावीकडे, उजवीकडे की सरळ, ते आधी कळत नाही. पहिला बार काढायला मिळतो पाऊण सेकंदाच्या आसपासचा वेळ. काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम छर्रे, म्हणजे तीनशेच्या आसपास दाणे. स्कीट या दुसऱ्या प्रकारात परीक्षा आणखी कडक असते. तबकडी दिसेपर्यंत बंदूक कमरेशी धरून ठेवावी लागते आणि आवाज दिल्यावर ती लगेच सुटेल की तीन सेकंदांनी, याचा भरवसा नसतो. बंदूक खांद्याला लावून, गाल टेकवून नेम बघत बसायला सवडच नाही. ती वर येताक्षणी डोळा पट्टीच्या बरोबर मागे यायला हवा, आणि दर वेळी यायला हवा. पात्रता फेरीत १२५ तबकड्या असतात. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्कीटच्या मिश्र सांघिक स्पर्धेत अनंतजीत सिंग नारुका आणि महेश्वरी चौहान ही आपली जोडी कांस्यपदकाच्या लढतीत चीनकडून ४३-४४ अशी हरली. फरक एका तबकडीचा होता.

या बंदुकांचं माहेर उत्तर इटलीत, ब्रेशिया शहराच्या आसपास आहे. शहराच्या उत्तरेला मेल्ला नदीचं खोरं, वाल त्रोंपिया. तिथल्या डोंगरात लोखंडाच्या खाणी, नदीला घण चालवण्याएवढं पाणी आणि भट्ट्यांसाठी जंगलातलं लाकूड, असा तिन्हींचा मेळ जमला आणि खोरं बंदुकांच्या नळ्यांसाठी नावाजलं. या खोऱ्यातल्या गार्दोने गावच्या बार्तोलोमेओ बेरेटाला १५२६ साली व्हेनिसच्या शस्त्रागाराने १८५ नळ्यांचे २९६ डुकाट दिल्याची नोंद आहे. बेरेटा कंपनी आजही त्याच गावात आहे. इटलीत बनलेल्या बंदुका जादा दाबाचं काडतूस झाडून तपासणारी आणि शिक्का मारणारी सरकारी संस्थाही गार्दोनेतच आहे.

मापाच्या बंदुकीचा विषय निघाला की नेमबाज नाव घेतात ते मात्र तुलनेने तरुण असलेल्या पेराझीचं. दानिएले पेराझी यांनी १९५७ साली हा व्यवसाय सुरू केला. कारखाना ब्रेशियाजवळच्या बोत्तिचिनो गावात आहे, जिथला संगमरवरही प्रसिद्ध आहे. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये एन्नियो मात्तारेल्ली या इटालियन नेमबाजाने पेराझीच्या बंदुकीने ट्रॅपमध्ये २०० पैकी १९८ तबकड्या फोडून सुवर्णपदक जिंकलं. त्यानंतर १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकसाठी एमएक्स-८ हे मॉडेल आलं. नावातला एमएक्स मेक्सिकोचा आणि आठ त्या वर्षाचा. तिच्या चापाचा सगळा संच एका हालचालीत बाहेर काढता येतो. फेरी चालू असताना स्प्रिंग तुटली तर दुसरा संच बसवून पुढच्या तबकडीला उभं राहायचं. ही रचना साठ वर्षं होत आली तरी टिकून आहे. दानिएले पेराझी २०१२ साली वारले.

बोत्तिचिनोला जाणाऱ्या ग्राहकाची सुरुवात लाकडापासून होत नाही, जोडाजोडाच्या एका बंदुकीपासून होते. तिच्या दस्त्याला सांधे आणि स्क्रू असतात. लांबी वाढवता येते, गालाची धार वर-खाली करता येते, दस्ता डावीकडे किंवा उजवीकडे वाकवता येतो, खांद्याला लागणाऱ्या टोकाचा कोन बदलता येतो. माप घेणारा समोर उभा राहतो आणि रिकाम्या, तपासलेल्या बंदुकीच्या नळीवरून उलट दिशेने नेमबाजाच्या डोळ्याकडे पाहतो. डोळे मिटून बंदूक खांद्याला लाव, आता उघड. बुबुळ पट्टीच्या मधोमध, थोडं वर दिसायला हवं. पट्टीच्या बाजूला दिसलं, तर दस्त्याला आडवा बाक कमी-जास्त करायचा. अर्धंच दिसलं, तर गाल फार खाली जातोय. पाच-सात वेळा बंदूक खांद्याला लावून झाली की नेमबाज सावधपणा विसरतो आणि मान त्याच्या नेहमीच्या सवयीने झुकते. मापाचं खरं काम तिथून पुढे सुरू होतं. चांगला मापकरी पहिल्या दोन-तीन वेळा घेतलेलं माप धरतच नाही, कारण तोवर माणूस छायाचित्राला उभा राहिल्यासारखा ताठ असतो.

कागदावर उतरणारी मापं मोजकीच असतात. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी, जी मध्यम बांध्याच्या पुरुषाला ३७० मिलिमीटरच्या आसपास लागते. नळीवरची पट्टी मागे वाढवली असं धरून, तिच्यापासून गालाची धार किती खाली आणि खांद्याकडचं टोक किती खाली. आडवा बाक किती. टोकाचा कोन किती. मुठीचा घेर किती आणि तळहाताला भरीव फुगवटा हवा का. यांशिवाय एक प्रश्न मापाआधीच विचारावा लागतो, तो म्हणजे कोणता डोळा हुकूम चालवतो. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ असेल, तर उत्तम दस्ताही त्याला चुकीच्या जागी बघायला लावतो. मग डाव्या खांद्यावरून मारायला शिकायचं किंवा चष्म्याच्या डाव्या काचेवर छोटा ठिपका चिकटवायचा, हे आधी ठरवावं लागतं.

ट्रॅपच्या बंदुकीचा झोत मुद्दाम थोडा वर ठेवतात, कारण तबकडी वर चढत असते आणि ती नळीआड गेली तर नेमबाज आंधळा होतो. हा वरचा झोत कुणाला किती हवा हे मैदानावर झाडून बघितल्याशिवाय कळत नाही. ब्रेशियापासून जवळ, लोनातो इथे त्रॅप कॉन्काव्हेर्दे हे मोठं मैदान आहे. २०१९ची जागतिक शॉटगन स्पर्धा तिथेच झाली.

लाकडाची पाळी त्यानंतर येते. कारखान्यात अक्रोडाच्या फळ्या रचून ठेवलेल्या असतात. तुर्कस्तानातला अक्रोड विशेष मानाचा. काही वर्षं वाळवल्याशिवाय तो हातात घेत नाहीत, नाहीतर दस्ता नंतर आक्रसतो. फळी निवडताना ग्राहकाची नजर रेषांच्या नक्षीवर जाते, कारागीर मात्र आधी मुठीची जागा बघतो. तिथे रेषा सरळ धावायला हव्यात, कारण दणका तिथूनच जातो. आडव्या रेषांचं सुंदर लाकूड मुठीपाशी तडकतं.

मोठा आकार यंत्र कापतं. पुढचं काम कानस, पटाशी आणि डोळा यांचं. दस्ता पोलादाला बसवण्याची जुनी पद्धत बघण्यासारखी आहे. पोलादी भागाला दिव्याची काजळी किंवा रंग लावतात आणि लाकूड त्यावर दाबतात. जिथे काळा डाग उठला तिथे लाकूड टेकलं. तो डाग पटाशीने कागदाहून पातळ खरवडतात, पुन्हा काजळी, पुन्हा दाब. डाग सगळीकडे सारखा उठेपर्यंत हेच चालतं. लाकूड एकाच ठिकाणी टेकलं, तर तिथे हजारो काडतुसांचा दणका एकवटून लाकूड फाटतं. मग मुठीवर आणि पुढच्या हाताखाली हातानेच बारीक चौकड्या कोरतात, घामात हात घसरू नये म्हणून. शेवटी तेलाचे हात पुन्हा पुन्हा चोळतात.

पोलादावर शिकारीची दृश्यं, वेलबुट्ट्या, सोन्याची जडण असं काय हवं ते करून मिळतं आणि त्याची किंमत बंदुकीच्या कितीतरी पट होऊ शकते. ते कोरीवकाम थोर आहे, पण तबकडीला त्याची खबर नसते. साध्या एमएक्स-८लाच दहा हजार युरोंच्या पुढे मोजावे लागतात. ज्याच्याकडे पैसे मोजके आहेत, त्याने पोलाद साधं घ्यावं आणि मापावर मात्र एक पैसाही वाचवू नये, असं माझं ठाम मत आहे.

मुलींच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं आहे. तयार दस्ते पुरुषाच्या सरासरी बांध्यावर बेतलेले असतात. बाईची मान बहुतेकदा लांब, गालाचं हाड वर आणि हात आखूड असतो. त्यामुळे लांबी कमी आणि गालाची धार उंच लागते. दस्त्याचं खालचं टोक छातीला टोचू नये म्हणून बाहेर वळवावं लागतं. हे न करता पुरुषी दस्ता नुसता मागून कापून आखूड केला, तर लांबी जमते पण बाकी सगळं बिघडतं. मग मुलगी मान ताणते, गाल उचलते, दणका गालफडावर घेते आणि दणक्याच्या भीतीने चाप ओढण्याआधीच डोळे मिटते. प्रशिक्षक तिला धीटपणाचे धडे देत राहतो, तर दोष असतो लाकडात.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्राने नेमबाज दिले ते रायफल आणि पिस्तुलातले. वरळीच्या रेंजवर संजय चक्रवर्तींच्या हाताखाली घडलेल्या अंजली भागवत आणि सुमा शिरूर, २०१०मध्ये म्युनिकला विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, २०२२मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलचं जगज्जेतेपद मिळवणारा ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, पॅरिसला कांस्यपदक जिंकणारा स्वप्नील कुसाळे. शॉटगनचं मात्र तसं नाही. त्याच कैरोत १९६२ साली बिकानेरच्या करणी सिंग यांनी ट्रॅपमध्ये जागतिक रौप्यपदक मिळवलं होतं. पुढे राज्यवर्धन सिंग राठोड, मानवजित सिंग संधू, रंजन सोढी ही शॉटगनची परंपरा उत्तरेतच फुलली.

ती आपल्याकडे न रुजण्याचं कारण जागेत आहे. दहा मीटरची रेंज बोरिवलीच्या शाळेच्या सभागृहात किंवा मुलुंडच्या एखाद्या गाळ्यात मांडता येते. ट्रॅपचे छर्रे मात्र दोनशे मीटरच्या पुढेही पडतात, तेवढी जमीन माणसांपासून मोकळी ठेवावी लागते, आणि अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत एवढा मोकळा तुकडा शोधून सापडायचा नाही. त्यामुळे उपनगरातल्या मुलाला शॉटगनची ओढ लागली, तर तो दिल्लीत तुघलकाबादची करणी सिंग रेंज गाठतो आणि पहिले कित्येक महिने क्लबची, कुणा दुसऱ्याच्या मापाची बंदूक खांद्याला लावतो. तिच्याशी जुळवून घेताना लागलेली मानेची खोड पुढे मोडणं फार अवघड जातं.

परवान्याची वाट लांबची आहे. मुंबईत, उपनगरं धरून, परवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो आणि नेमबाजांसाठी २०१६च्या शस्त्र नियमांत वेगळी तरतूद आहे. परवाना, संघटनेची कागदपत्रं, आयात यांत जाणारा वेळ टाळता येत नाही. पण माप घ्यायला परवाना लागत नाही. त्या काळात हेच काम उरकून घेता येईल.

म्हणून राज्यातल्या नेमबाजी संघटनांना एक विनंती. इटलीचा प्रवास प्रत्येकाला परवडणार नाही, पण सांध्यांच्या दस्त्याची एक बंदूक अख्ख्या राज्याला पुरते. ती एका ठिकाणी ठेवावी, तिच्यावर माप घ्यायला दोघातिघांना नीट शिकवावं आणि वर्षातून एकदा शिबिर भरवावं. आणि पालकांनो, तुमच्या मुलीची मान-खांद्यांची वाढ अजून चालू असेल, तर गालाची धार स्क्रूने वर-खाली होणारा दस्ता घ्या, सगळी मापं वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्या. कोरीवकामाचा विचार त्यानंतर करा.