इम्प्लांटचे माप छातीनेच ठरते

स्तनात बसवल्या जाणाऱ्या सिलिकॉनच्या इम्प्लांटचा विषय निघाला की सर्वसामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे सिनेनट्या येतात. परंतु वाई, सातारा, कराड, मिरज या कृष्णाकाठच्या पट्ट्यात हा प्रश्न पुष्कळदा कर्करोगाची गाठ आणि तिच्यापायी काढून टाकावा लागलेला स्तन यांच्या मागोमाग घरात येतो. कारण सौंदर्याचे असो वा आजाराचे, शस्त्रक्रियेआधी दोन निर्णय करावे लागतात : इम्प्लांट केवढे घ्यायचे आणि ते छातीच्या मोठ्या स्नायूच्या वर ठेवायचे की खाली. घरात आणि मैत्रिणींत चर्चा होते ती पहिल्याच प्रश्नाची, आणि पुढे जो पश्चात्ताप वाट्याला येतो तो बऱ्याचदा दुसऱ्या प्रश्नाकडे केलेल्या दुर्लक्षातून येतो.

आज वापरात असलेले इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनच्या लवचीक कवचाची पिशवी असून तिच्यात दाट सिलिकॉन जेल किंवा मिठाचे निर्जंतुक पाणी, म्हणजे सलाईन, भरलेले असते. असे सिलिकॉनचे इम्प्लांट मानवी शरीरात प्रथम १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो या शल्यविशारदांनी बसवले. त्याचे आकारमान सीसीमध्ये, म्हणजे घन सेंटिमीटरमध्ये, सांगितले जाते, आणि गोंधळाची सुरुवात नेमकी तेथेच होते. एका स्त्रीला ३०० सीसीचे इम्प्लांट शोभून दिसले म्हणून तेवढेच दुसरीला शोभेल असे मुळीच नाही, कारण रुंद छातीवर तेच इम्प्लांट पसरट व लहान भासते, तर अरुंद छातीवर ते काखेत सरकते किंवा मध्यभागी दुसऱ्या बाजूच्या इम्प्लांटला जाऊन भिडते.

म्हणून अनुभवी प्लॅस्टिक सर्जन सीसीचा विचार मागाहून करतो आणि प्रथम हाती घेतो ते कॅलिपर व मोजपट्टी. स्तन छातीवर जेथे बसलेला असतो तेथील त्याची आडवी रुंदी, म्हणजे त्याच्या पायाची रुंदी, आधी मोजली जाते. नंतर आतल्या आणि बाहेरच्या कडेला चिमटीत किती जाड ऊती येते हे पाहून त्या प्रत्येक चिमटीच्या जाडीचा निम्मा भाग एकूण रुंदीतून वजा केला जातो, कारण चिमटीत ऊतीचे दोन थर आलेले असतात. समजा, पायाची रुंदी १३ सेंटिमीटर आली आणि दोन्ही कडांना प्रत्येकी २ सेंटिमीटरची चिमटी मिळाली, तर इम्प्लांटचा व्यास ११ सेंटिमीटरच्या जवळपास असावा लागतो. एवढे ठरले की सीसीचा पल्ला आपोआप आखडतो, कारण ११ सेंटिमीटर व्यासाचे इम्प्लांट कमी उंचीचे घेतले तर ते सुमारे २०० सीसीचे भरते आणि अधिक उंचीचे घेतले तर ३०० सीसीच्या घरात जाते. या उंचीला, म्हणजे छातीपासून पुढे येण्याच्या प्रमाणाला, प्रोफाइल असे म्हणतात. त्वचा पुढे ओढली असता किती ताणली जाते, आणि स्तनाग्रापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंतचे अंतर किती आहे, ही दोन मापेही त्याच बैठकीत घेतली जातात. त्वचेत ताण सहन करण्याची क्षमता नसताना मोठे इम्प्लांट कोंबले तर ते वर्षानुवर्षे ऊती पातळ करत राहते, त्याची कड हाताला लागू लागते आणि स्तन वजनाने खाली उतरतो. तेव्हा कोणत्याही छातीसाठी मापाला एक वरची मर्यादा असतेच, आणि ती ओलांडण्याचा आग्रह धरणाऱ्या रुग्णाला नकार देणे हे सर्जनचे कर्तव्यच मानले पाहिजे.

अंदाज घेण्यासाठी दवाखान्यात ब्राच्या आत ठेवून पाहण्याचे नमुने, ज्यांना सायझर म्हणतात, दिले जातात; घरी हाच प्रयोग पातळ मोज्यात मोजून तांदूळ भरून करणाऱ्या स्त्रियाही आहेत, आणि तो वाटतो तितका भाबडा नाही, कारण काही तास त्या वजनाने वावरल्यावर पाठीला व खांद्याला काय वाटते हे त्यातून कळते. मात्र बाहेर ठेवलेला नमुना आणि आत बसलेले इम्प्लांट सारखे दिसत नाहीत. संगणकावर दाखवले जाणारे त्रिमितीय चित्र हेही चित्रच असते, त्याला हमी समजू नये. कपाच्या अक्षरांवर तर विसंबूच नये, कारण एका कंपनीचा ‘सी’ आणि दुसऱ्या कंपनीचा ‘सी’ यांत मेळ नसतो. त्यापेक्षा ब्लाउज शिवणाऱ्या शिंप्याने फितीने घेतलेले माप अधिक खरे असते.

जागेचा प्रश्न समजण्यासाठी छातीची रचना थोडी पाहावी लागते. स्तनाच्या ग्रंथीखाली एक पातळ आवरण आणि त्याखाली पेक्टोरॅलिस मेजर नावाचा पंख्यासारखा पसरलेला मोठा स्नायू असतो, जो छातीच्या मधल्या हाडापासून, गळपट्टीच्या हाडापासून आणि बरगड्यांपासून निघून दंडाच्या हाडाला चिकटतो आणि हात आत ओढण्याचे, ढकलण्याचे व कवेत घेण्याचे काम करतो. इम्प्लांट ग्रंथीखाली पण स्नायूच्या वर ठेवले तर शस्त्रक्रिया सोपी होते, दुखणे कमी राहते आणि हात हलवताना स्तनाचा आकार बिघडत नाही. परंतु अंगावर चरबी कमी असेल तर इम्प्लांटची कड वरच्या बाजूला दिसते आणि त्वचेवर लाटा उमटतात. स्नायूखाली ठेवले तर वरचा भाग झाकला जातो, मॅमोग्राफीत ग्रंथी तुलनेने बरी दिसते आणि इम्प्लांटभोवतीचे आवरण आवळण्याची तक्रारही कमी आढळते. वरच्या भागातील चिमटी २ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर स्नायूचे आच्छादन घ्यावे, हा ठोकताळा पुष्कळ सर्जन पाळतात. डॅलसचे सर्जन जॉन टेबेट्स यांनी २००१ मध्ये या दोन्हींचा मेळ घालणारी ‘ड्युअल प्लेन’ पद्धत मांडली. तिच्यात इम्प्लांटचा वरचा भाग स्नायूखाली आणि खालचा भाग केवळ ग्रंथीखाली राहतो.

स्नायूखालच्या जागेची किंमत मात्र हातांना मोजावी लागते, आणि पाश्चात्त्य शहरांतील स्त्रियांसाठी लिहिलेल्या माहितीत या मुद्द्याला जेवढे स्थान मिळते त्याहून अधिक ते आपल्याकडे मिळायला हवे. स्नायू आकुंचन पावला की त्याखालचे इम्प्लांट वर आणि बाहेर सरकते, स्तनाला क्षणभर खाच पडते, आणि जोराचे काम करताना ओढल्यासारखे जाणवते. वाई तालुक्यातील हळदीच्या हंगामात कुदळीने खणलेले गड्डे फोडणे, घमेली उचलणे, एरवी वाकून भांगलण करणे, वैरणीचा भारा बांधून डोक्यावर घेणे, अशी कामे करणाऱ्या बाईचा हा स्नायू दिवसभर राबत असतो. कार्यालयात बसून काम करणाऱ्या स्त्रीला जी तडजोड जाणवणारही नाही ती हिला रोज जाणवू शकते. तेव्हा रुग्णाने आपण कोणते काम करतो, हे सर्जनने विचारण्याची वाट न पाहता स्पष्ट सांगावे. शस्त्रक्रियेनंतर जड उचलणे साधारण ४ ते ६ आठवडे वर्ज्य असते, म्हणून तिची तारीख हळदीची काढणी किंवा उसाची तोड पाहून ठरवणे यात गैर काही नाही.

कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेत गणित आणखी अवघड होते, कारण ग्रंथी काढून टाकल्यामुळे इम्प्लांटवर केवळ त्वचा आणि तिच्याखालचा पातळ थर उरतो. पूर्वी अशा वेळी इम्प्लांट स्नायूखाली ठेवणे हाच रिवाज होता. अलीकडे पेशी काढून टाकलेल्या त्वचेचे अस्तर किंवा जाळी यांत गुंडाळून ते स्नायूवरच ठेवण्याकडे कल वाढला आहे, मात्र त्यासाठी उरलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा उत्तम असावा लागतो आणि अस्तराचा खर्च वेगळा पडतो. त्वचा अपुरी असेल तर आधी एक्सपांडर, म्हणजे सलाईनने टप्प्याटप्प्याने फुगवत नेण्याची पिशवी, बसवली जाते आणि दर एक-दोन आठवड्यांनी सुई टोचून ती भरली जाते. पुण्यात शस्त्रक्रिया झालेल्या वाईच्या रुग्णासाठी याचा अर्थ खंबाटकीचा घाट ओलांडून पुन्हा पुन्हा येणे-जाणे असा होतो, म्हणून कोणत्या गावी उपचार घ्यायचे हा प्रश्नही पद्धतीच्या निवडीत मिसळलेला असतो. किरणोपचार घ्यावे लागणार असतील तर ते आधीच समजून घ्यावे, कारण किरणांनंतर इम्प्लांटभोवतीचे आवरण आवळण्याचा आणि इम्प्लांट काढावे लागण्याचा धोका पुष्कळ वाढतो, आणि अशा रुग्णाला शरीराच्याच ऊतीने स्तन घडवण्याचा पर्याय सुचवला जातो.

शरीराचाच तुकडा हलवून हरवलेला अवयव घडवण्याच्या कल्पनेला या प्रदेशात जुना आधार आहे. इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी या बैलगाडीवानाचे नाक टिपू सुलतानाच्या सैनिकांनी कापल्यानंतर पुण्यात कपाळाच्या कातडीतून त्याला नवे नाक घडवून दिले गेले, आणि त्याची हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आल्यावर युरोपातील शल्यशास्त्राला त्या दिशेने चालना मिळाली. स्तनासाठी आज पाठीचा स्नायू किंवा ओटीपोटाची त्वचा व चरबी वापरली जाते. पोटाचा स्नायूही त्यासोबत घेतला तर पोटाची भिंत दुबळी होऊन हर्निया होण्याची भीती असते, तर केवळ चरबी, त्वचा आणि रक्तवाहिन्या घेण्याच्या ‘डीआयईपी’ पद्धतीत स्नायू वाचतो. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडणारा निष्णात सर्जन प्रत्येक जिल्ह्यात मिळत नाही. कष्टकरी स्त्रीच्या बाबतीत स्नायू छातीचा खर्ची पडतो की पाठीचा की पोटाचा, असा विचार करूनच पद्धत ठरवलेली बरी.

पुनर्रचनेची वेळच न यावी यासाठीचा एक मोठा अभ्यास महाराष्ट्रातच झाला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून २० वर्षे दीड लाखांवर स्त्रियांच्या दोन गटांचा मागोवा घेतला. एका गटातील स्तनांची हाताने तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केली. त्या गटात कर्करोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत त्यामुळे होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. लवकर सापडलेल्या लहान गाठीत पुष्कळदा स्तन राखता येतो.

इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाही, हे निर्णयाआधी लक्षात घ्यावे. शरीर त्याच्याभोवती स्वतःचे आवरण तयार करते, आणि ते आवळू लागले की स्तन कडक होतो, दुखतो आणि त्याचा आकार बदलतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये सांगितल्याप्रमाणे, सौंदर्यासाठी बसवलेल्यांपैकी पाचात एका आणि पुनर्रचनेसाठी बसवलेल्यांपैकी दोनांत एका स्त्रीला दहा वर्षांच्या आत इम्प्लांट काढावे लागते. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित होणारा लसिकापेशींचा एक कर्करोग उघड झाल्यावर अॅलर्गन कंपनीने जुलै २०१९ मध्ये आपली ‘बायोसेल’ ही खडबडीत मालिका जगभरातून परत मागवली. म्हणून गुळगुळीत की खडबडीत, हा प्रश्न माप विचारतानाच विचारावा. सिलिकॉनची पिशवी आतल्या आत फुटली तर बाहेरून कळत नाही, त्यामुळे कोणतीही तक्रार नसतानाही बसवल्यापासून ५ ते ६ वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढे दर २-३ वर्षांनी तपासणी करावी, असे त्याच प्रशासनाचे मार्गदर्शन आहे. हा पुढचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकात सहसा लिहिलेला नसतो.

इम्प्लांट नको असलेल्या स्त्रीसाठी ब्राच्या आत ठेवण्याचे सिलिकॉनचे किंवा सुती धाग्याने विणलेले कृत्रिम स्तन मिळतात, आणि काहीही न घालता सपाट छातीने राहणे हाही तितकाच मान्य निर्णय आहे. कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी किंवा नवऱ्याने तो परस्पर फिरवू नये. विम्याच्या बाबतीत, भारतातील आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटींनुसार केवळ रूप बदलण्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते, पण अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीत येत नाही. तेव्हा दावा नाकारला गेल्यास पॉलिसीतील तो परिच्छेद दाखवून फेरविचार मागता येतो, आणि त्यासाठी गाठीच्या तपासणीचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड व इम्प्लांटच्या खोक्यावरील क्रमांकाचा स्टिकर ही तीन कागदपत्रे जपून ठेवावी लागतात. कंपनीने एखादा साठा परत मागवला तर आपले इम्प्लांट त्यात आहे की नाही, हेही त्याच स्टिकरवरून कळते.