काळ्या दगडातील कला

मुलांनो, जव्हार तालुक्यातील दाभोसा येथील धबधबा तुम्ही पाहिला आहे का? तेथील उंच काळा कडा बेसाल्ट खडकाचा आहे. ज्वालामुखीचा लाव्हारस थंड होऊन हा खडक बनला. अशाच कठीण दगडातून माणसाने काय घडवले, हे पाहायचे असेल, तर ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथला जा.

तेथे वालधुनी नदीच्या काठी शिवाचे प्राचीन मंदिर आहे. मंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष दिले आहे. त्या वेळी उत्तर कोकणात शिलाहार राजांची सत्ता होती. मंदिराच्या भिंतींवर देवदेवता, नर्तकी, हत्ती आणि वेलबुट्टी कोरलेली आहे. हे काम पाथरवटांचे. उर्दूत आपण त्यांना संगतराश म्हणतो. हातोडी आणि छिन्नी हीच त्यांची मुख्य हत्यारे. एक घाव चुकला, तर तुटलेला दगड पुन्हा जुळत नसे.

ऊन-पावसाने मूर्ती आधीच झिजल्या आहेत. म्हणून त्यांना हात लावू नका. दगडावर नावे कोरू नका. येथे आजही पूजा होते. पादत्राणे बाहेर काढा, शांतता राखा. घडवायला वर्षे लागली. बिघडवायला एक क्षण पुरतो.