आधार, उतारा कुठल्याही साइटवर चढवू नका. पीडीएफची पानं घरीच वेगळी करा

अर्जाला दोनच पानं जोडायची असतात, हातात मात्र वीस पानांची पीडीएफ. मग 'फ्री' म्हणणाऱ्या कुठल्याशा साइटवर आधार, जमिनीचा उतारा सगळं चढवलं जातं. त्याची गरज नाही. क्यूपीडीएफ हा मोफत प्रोग्राम आपल्याच संगणकावर, इंटरनेटशिवाय चालतो. बटणं नाहीत, कमांड टाइप करायची, तीही इंग्रजी अक्षरांत.

पानं निवडायला: क्यूपीडीएफ उतारा.पीडीएफ --पेजेस . 2-4 -- नवा.पीडीएफ

मधला टिंब म्हणजे 'हीच फाइल'. सुटे दोन हायफन म्हणजे पानांची यादी संपली. घोळ इथंच होतो: ते राहिले की प्रोग्राम नव्या फाइलचं नावही यादीतलंच धरतो आणि अडतो. झेड म्हणजे शेवटचं पान. झेड-1 लिहिलं की पानं उलट्या क्रमानं येतात. गठ्ठा उलटा स्कॅन झाला असेल तर हेच हवं.

कन्नड उतारा आणि त्याचं मराठी भाषांतर एका फाइलीत हवं? मूळ फाइलच्या जागी --एम्प्टी, --पेजेसनंतर दोन्ही नावं, मग तेच सुटे हायफन. आडव्या पहिल्या पानासाठी --रोटेट=+90:1.

ई-आधारचं कुलूप --पासवर्ड= आणि --डिक्रिप्ट यांनी निघतं, पासवर्ड माहीत असेल तरच. पण टाइप केलेला पासवर्ड कमांडच्या इतिहासात राहू शकतो, तेव्हा हे सायबर कॅफेत नको. --रिप्लेस-इनपुट मूळ फाइलच बदलून टाकतो. दुसरी प्रत नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

अडलात तर --हेल्प=--पेजेस टाका, नव्या आवृत्त्यांत तेवढ्याच पर्यायाची माहिती समोर येते.