रात्रीच्या दर्यावर कुठली बॅटरी चालते? हैदराबादच्या बाजारातून आणलेला धडा



गेल्या हंगामातली गोष्ट. रात्री दोनच्या सुमारास आमच्या एका बोटीच्या पंख्यात दोर अडकला. तांडेलाच्या हातात नवी कोरी एलईडी बॅटरी. खोक्यावर लुमेनचा भला मोठा आकडा. एक लाट अंगावर आली आणि बॅटरी विझली ती विझलीच. पुढचं सगळं काम मोबाईलच्या उजेडात, एका हाताने केलं. सगळे सुखरूप परतले, पण त्या रात्री कळलं की बॅटरी ही किरकोळ खरेदी नाही.

नंतर सोसायटीच्या कामाने आम्ही काही जण हैदराबादला गेलो. तिथे समुद्र नाही, पण आपला संबंध जुना. राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाची माशाच्या आकाराची इमारत तिथेच. मासळी कुठे मिळेल आणि लाटा किती उंच असतील याचा अंदाज देणारी इन्कॉइस संस्थाही तिथलीच, 1999 पासूनची. काम उरकून आम्ही कोठीच्या बाजारात शिरलो. एका दुकानदाराकडे पाण्याची बादली मागितली. बॅटरी बुडवून बघायची म्हटल्यावर तो आधी "नक्को" म्हणाला, मग हसत बादली आणली. दोन बॅटऱ्या तिथेच नापास झाल्या!

तेव्हा घेताना काय बघायचं ते सांगतो.

पाणी. खोक्यावर आयपीएक्स आणि पुढे आकडा असतो. 4 म्हणजे फक्त शिंतोडे सोसणार. 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. 8 म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी लिहिते. बोटीवर 7 च्या खाली घेऊ नका. ही चाचणी गोड्या पाण्यात होते, आपलं पाणी खारं. म्हणून घरी आल्यावर झाकण घट्ट लावूनच बॅटरी गोड्या पाण्याने धुवा, पुसा आणि झाकणाच्या रबरी रिंगला अधूनमधून सिलिकॉन ग्रीस लावा.

उजेड. लुमेन म्हणजे एकूण उजेड. तो किती लांब जातो हे वेगळं. लांबचा बोया शोधायला बारीक, लांब जाणारा झोत हवा. जाळं सोडवायला, मासळी निवडायला पसरट उजेड हवा. दोन्ही जमणारी मिळाली तर उत्तम. खोक्यावरचं अंतर मात्र जपून वाचा. त्या टोकाला उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच उरतो. तासांचंही तसंच. उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचे तास मोजलेले असतात.

रंग. निळसर पांढऱ्या उजेडात कल्ल्यांचा लालपणा नीट कळत नाही. पहाटे लिलावात मासळी पारखणाऱ्या आमच्या ताई-मावशींनी थोडा पिवळसर उजेड घ्यावा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि भगभगीत उजेडाने ती क्षणात जाते. म्हणून मंद उजेडाची सोय हवीच.

सेल. साधे पेन्सिल सेल कुठल्याही गावात मिळतात. 18650 नावाचा लिथियमचा सेल जास्त चालतो, पण चांगल्या नावाचाच घ्या. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल नकोत, ते पेट घेऊ शकतात. काढता येणारा सेल बरा. चार्जिंगच्या भोकात खारं पाणी गेलं की गंज ठरलेला. चार्जिंग घरीच करा, जादा सेल कोरड्या डब्यात ठेवा.

हात. ओल्या हाताने, हातमोजा घालून बटण दाबून बघा. मनगटाला दोरी हवी. बोटीवर डोक्याची एक, खिशातली एक आणि डब्यात राखीव एक असाव्या. हीच खिशातली घरी लाईट गेल्यावर, वाटेवर साप-विंचू बघायलाही कामाला येते.

दोन गोष्टी विसरू नका. संकटात तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे झोत ही जगभरची खूण आहे. सगळ्यांना, घरच्या पोरांनाही शिकवा. पण बॅटरी म्हणजे संपर्क नव्हे. तटरक्षक दलाचा 1554 आणि व्हीएचएफचा 16 नंबर चॅनेल पाठ असू द्या. दुसरं, समोरच्या तांडेलाच्या डोळ्यावर झोत मारू नका. दिपलेल्या डोळ्यांनी टक्कर होते.

आणि हो, हातातली बॅटरी वेगळी, एलईडी मासेमारी वेगळी. जनरेटरवर दिवे लावून मासळी गोळा करण्यावर केंद्र सरकारने 10 नोव्हेंबर 2017 पासून बंदी घातली आहे. दोन्हींची गल्लत नको.

पुढच्या वेळी दुकानात गेलात की आकड्याला भुलू नका. आधी पाण्याची बादली मागा. दुकानदार नाही म्हणाला तर पुढचं दुकान बघा.